खारबांध कोणी घातला?

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा कमिटीच्या बंधूंनी आम्हाला सांगितले, "तुमचं मूळ गाव चौलकडचं, तुम्ही तिकडच्या इतिहासावर लिहा." आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा अर्ध्यावर सुटली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून आणि विहाराच्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन. तेव्हा पंडिताचा लेख वाचायला मिळेल अशी अपेक्षा कृपा करून कोणी ठेवू नये. पण जे वाचले आणि जे घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकले, ते दोन्ही ताडून पाहून हा लेख लिहीत आहोत.

चौलचा इतिहास म्हटला की लोक बंदर सांगतात, किल्ला सांगतात, पोर्तुगीज सांगतात. आम्ही चिखल सांगणार आहोत. कारण आमच्या आजीने जन्मभर डोक्यावर जी टोपली वाहिली, ती खाडीच्या चिखलाची होती. त्या चिखलाचा बांध झाला, बांधाच्या आत भात पिकले, आणि तो भात भलत्याच्याच कोठारात गेला. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर शेतीचे शास्त्रही पाहावे लागते आणि राजकारणही पाहावे लागते. एक सोडून दुसरे पाहिले तर अर्धेच कळते.

दगडावरची नावे

अलिबागच्या दक्षिणेला सुमारे १७ किलोमीटरवर चौल आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिका नदीची रेवदंड्याची खाडी. दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक-रोमन लेखक या बंदराला सिमुल्ला अशा नावाने ओळखत. आपल्या लेण्यांतल्या शिलालेखांत ते 'चेमुल' म्हणून येते. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या दात्यांचा उल्लेख कोरलेला आहे. म्हणजे आपल्या भिक्खू संघाला दान देण्याइतकी चौलच्या माणसांची ऐपत होती, आणि मनही होते.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात नारळाची ३२,००० झाडे दान दिल्याचे लिहिले आहे. म्हणजे बागायत त्या काळी किती मोठ्या प्रमाणावर होत होती, बघा! आजही चौल, नागाव, रेवदंडा या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्या वाड्यांना पूर्वी विहिरीवरच्या रहाटाने पाणी देत. रहाट हे सुद्धा यंत्रच. पण गंमत अशी की दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. त्या हजारो झाडांना पाणी कोणी शेंदले, त्याचे नाव कुठल्याही दगडावर नाही. पाण्यावर राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट काही कालपरवाची नाही.

बांधाचे शास्त्र

आमच्या इथल्या बऱ्याच मुलांचा जन्म मुंबईतला. त्यांना खार म्हणजे काय हे माहीत नसते. म्हणून थोडे खोलात जाऊन सांगतो.

खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते तेव्हा ते आणखी आत शिरते. असे खारे पाणी ज्या जमिनीवर येते, तिथे भात होत नाही. का होत नाही? पाण्यात मीठ फार झाले की रोपाच्या मुळाला ते पाणी ओढून घेता येत नाही. म्हणजे रोप पाण्यात उभे असते आणि तहानेने मरते. शिवाय मिठातला सोडियम चिकणमातीचे कण सुटे करून टाकतो, त्यामुळे जमीन पावसात लोण्यासारखी आणि उन्हात दगडासारखी होते.

यावर आमच्या माणसांनी काय केले? खाडीच्या बाजूला चिखलाचा मोठा बांध घातला, त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्याच्या आत दुसरा लहान बांध, तो आतकाठा. आणि बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवली. उघाडीचे दार एकाच बाजूला उघडते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी रेटा देते, दार उघडते, पाणी खाडीत जाते. भरती आली की खाडीचे पाणी बाहेरून रेटा देते आणि दार बंद होते. ना इंजिन, ना वीज, ना राखण करणारा माणूस. चंद्राच्या ओढीने समुद्र चढतो-उतरतो आणि त्याच ताकदीवर दार उघडते-मिटते. युरोपात हॉलंडच्या लोकांनी समुद्र मागे हटवून शेती केली म्हणून जग त्यांचे कौतुक करते, करावेच. आमच्या खारेपाटातल्या माणसाने तेच केले, त्याला मात्र कोणी इंजिनीयर म्हटले नाही, अडाणी म्हटले.

बांध घालून काम संपत नाही. जमिनीत मुरलेले मीठ काढायचे असते. ते काम पाऊस करतो. जून महिन्याचे पहिले जोराचे पाऊस शेतात साठवायचे, मीठ विरघळू द्यायचे, मग उघाडीतून ते पाणी सोडून द्यायचे. दोन-चारदा असे झाले की जमीन भातायोग्य होते. पुष्कळ ठिकाणी इथे रोपे लावण्याऐवजी बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकतात. त्याला रहू म्हणतात. आणि बी सुद्धा वाटेल ते चालत नाही. काळा रता, भुरा रता अशी लाल तांदळाची भाते खारात टिकतात. ही वाणे कोण्या प्रयोगशाळेत जन्मली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या जे कणीस मिठात तगले, त्याचेच बी पुढच्या सालासाठी राखून ठेवायचे, असे करत करत ती तयार झाली. ते बी राखण्याचे काम घरातल्या बायकांचे. आता याला विज्ञान म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? पाहणे, पारखणे, जे टिकले ते ठेवणे, जे टिकले नाही ते सोडणे. तथागतांनी कालामांना दुसरे काय सांगितले होते? कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हेच ना!

बांध एकट्यादुकट्याने राहत नाही. उधाणात एका ठिकाणी खांड पडली की साऱ्या गावाची शेते खारी होतात. म्हणून गावोगाव 'जोळ' असे. ज्याची शेती आत आहे त्याने घरटी माणूस द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून बांध दुरुस्त करायचा. आगरी, कुणबी, कोळी, महार, कातकरी अशी सगळी माणसे या चिखलात राबली. चिखल उपसताना विटाळ होत नव्हता. काम संपल्यावर पाणी प्यायची वेळ आली की मात्र विटाळ आठवायचा. आमची आजी सांगे, "बांधावर आमची टोपली चालायची रे, पण विहिरीवर आमचा हात चालत नव्हता."

बांध एकाचा, माप दुसऱ्याचे

आता राजकारणाकडे येऊ. जुन्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ साली त्याचे रायगड असे नामांतर झाले) शिलोत्री नावाची पद्धत होती. ज्याने बाहेरचा बांध घातला आणि राखायचा पत्करला, तो शिलोत्रीदार. त्याने सरकारी साऱ्याशिवाय दर बिघ्यामागे मणभर भात शेतकऱ्याकडून घ्यायचे आणि त्यातून बांधाची डागडुजी करायची, असा तो व्यवहार. कागदावर पाहिले तर वाजवी वाटते. पण भात घेणारा एक आणि बांधावर चिखल वाहणारा दुसरा, असे झाले की काय होते ते सांगायला नको. भात वेळेवर वसूल होतो, बांध मात्र वेळेवर दुरुस्त होत नाही.

त्याच्यावर पुन्हा खोत. सरकार आणि कूळ यांच्यामधला हा माणूस मूळचा सारा वसूल करणारा. हळूहळू तो जमिनीचा धनीच होऊन बसला. कुळाकडून कबुलायत लिहून घ्यायची, खंडाचे भात न्यायचे, वर वेठीला बोलवायचे. पीक बुडाले तरी खंड बुडत नसे. बाकी राहिली की तिच्यावर व्याज, आणि व्याजापायी पुढच्या सालचे भात आधीच गहाण. कुळाला लिहिता-वाचता येत नव्हते, अंगठा तेवढा येत होता. जुनी माणसे म्हणत, घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची पायली वेगळी. पायली हेही एक साधनच आहे. माप ज्याच्या हातात, त्याच्या हातात सत्ता. शेतीच्या शास्त्रात शेतकरी कितीही हुशार असला तरी मापाच्या जागी तो हरत होता.

चरीचा संप

या मापाविरुद्ध लोक उभे राहिले ते चरीला. चरी हे याच अलिबाग तालुक्यातले गाव. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने संप पुकारला गेला. संप कसला, तर खोताची जमीन कसायचीच नाही! २५ गावे त्यात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. गिरणीचा संप आमच्या वाडवडिलांनी पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात आमच्या घरची चूल कशी चालली ते आम्हाला पक्के आठवते. पण शेतकऱ्याचा संप त्याहून अवघड. गिरणी बंद पडली तर कापड निघत नाही. शेत पडीक पडले तर संपवाल्याच्याच घरात दाणा येत नाही. त्या लोकांनी रानातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही.

चरीच्या लोकांमागे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, हे आपल्यातल्या नव्या पिढीला ठाऊक असावे. डिसेंबर १९३४ मध्ये चरीला कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. तळ्याच्या पाण्यापासून खाडीच्या पाण्यापर्यंत ही एकच वाट आहे, असे आम्हाला वाटते. एका ठिकाणी पाणी पिण्याचा हक्क, दुसऱ्या ठिकाणी पाणी अडवून पिकवलेल्या भाताचा हक्क.

पुढे १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणचे हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. त्यात आगरी-कुणबी होते तसे महारही होते. नारायण नागू पाटलांनी १९३७ साली 'कृषिवल' पत्र सुरू केले होते, तेही याच लढ्याचे अपत्य. बाबासाहेबांचे बिल त्या वेळी मंजूर झाले नाही. पण १९३९ च्या कायद्याने कुळाला पहिल्यांदा संरक्षण मिळाले, १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचा मालक मानले गेले.

इथे थांबून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. कूळकायद्याने जमीन कुळाला मिळाली. जो कूळ नव्हता, नुसता मजूर होता, त्याला काय मिळाले? बांधाचा चिखल वाहणाऱ्या आमच्या आजीच्या नावावर कुठला सातबारा निघाला नाही. महार वतनाची तुटपुंजी जमीन होती. त्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच बिल आणले होते. १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली. जमिनी परत मिळाल्या त्या पैसे भरून आणि नव्या शर्तीवर. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी काय करायचे? आमच्या आजोबांनी मुंबईची बोट धरली आणि गिरणीच्या खात्यात उभे राहिले. आम्ही शेतकऱ्यांच्या विजयावर विरजण घालत नाही. चरीचा विजय आमचाही विजय आहे. पण इतिहास सांगायचा तर पुरा सांगावा.

बाबासाहेबांचा शेतीविचार

पुष्कळ लोक बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतात. त्यांनी शेतीवर किती बारकाईने लिहिले, हे फार थोड्यांना माहीत असते. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतधारणेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळचे विद्वान म्हणत होते की तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात. बाबासाहेबांनी विचारले की तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरावरून कसे ठरवता? अवजारे, भांडवल, मेहनत किती घातली त्यावर ते ठरते. आणि शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे रिकामी बसली आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाले तरच शेती सुधारेल. गिरणीत उभे राहून ते वाचताना आम्हाला वाटले, अरे, हे तर आमच्याच घराण्याचे चरित्र!

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. पाटबंधारे आणि वीज ही कामेही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळात झाली. जलमार्ग, पाटबंधारे यांसाठी केंद्रीय आयोग १९४५ साली स्थापन झाला. पूर म्हणजे नुसते संकट नाही, पाणी साठवले तर ती संपत्ती आहे, हा त्यांचा विचार होता. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करावा असे सुचवले. जमीन सरकारने ताब्यात घ्यावी, जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, पाणी, अवजारे, खत, बियाणे सरकारने पुरवावे, म्हणजे जमीनदारही राहणार नाही, कूळही राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. ते झाले नाही. झाले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. आमच्यापुरते सांगायचे तर त्या तिसऱ्या शब्दात आमची आजी बसते. भूमिहीन मजुराचा विचार इतक्या सरळपणे दुसऱ्या कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

बियाणे, खत आणि बोटीचे धान्य

स्वातंत्र्यानंतर देशात धान्याचा तुटवडा होता. मुंबईला रेशन तर १९४३ पासूनच लागलेले. १९५६ साली अमेरिकेशी पीएल ४८० चा करार झाला आणि बोटी भरभरून गहू येऊ लागला. १९६५-६६ च्या दुष्काळात तर आपण बोटीकडे डोळे लावून बसलो. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन आपल्याला पाहिजे तसे धोरण भारताने धरावे म्हणून गहू हात आखडून सोडत. ज्याच्या हातात धान्य, त्याच्या हातात लगाम. खोताची पायलीच ती, फक्त फार मोठी! १९७२ च्या दुष्काळातला मिलो आणि सुकडी आमच्या वडीलधाऱ्यांच्या अजून आठवणीत आहे.

मग हरितक्रांती आली. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर ८ हे बुटके वाण काढले. जुने भात उंच, खत जास्त झाले की आडवे पडते. बुटके भात खत पचवते आणि उभे राहते. आपल्याकडे कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झाले. कर्जतची वाणे खारेपाटाबाहेरच्या गोड्या जमिनीत पसरली. खारासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ अशी वाणे काढली. यात आनंद आहे. देश पोटापुरते पिकवू लागला, बोटीची वाट पाहणे संपले, ही लहान गोष्ट नाही. जुने ते सगळे सोने असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. जुन्यात खोत होता, विटाळही होता.

पण बुटक्या भाताला युरिया पाहिजे. युरिया कुठून येतो? हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. हवेतला नत्र आणि नैसर्गिक वायूतला हायड्रोजन मोठ्या दाबाखाली, मोठ्या उष्णतेत एकत्र आणून अमोनिया करतात आणि अमोनियापासून युरिया. चौलच्या उत्तरेला थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा असा प्रचंड कारखाना १९८५ साली सुरू झाला. मुंबई हायचा वायू तिथे येतो आणि देशभरच्या शेतांत खत जाते. या कारखान्यासाठी अलिबाग तालुक्यातल्याच शेतकऱ्यांची जमीन गेली. म्हणजे देशाचे भात पिकावे म्हणून इथल्या काहींचे भात थांबले. असा त्याग कोणाकडून मागायचा, त्याचा मोबदला काय, घरातल्या पोराला तिथे काम मिळणार की नाही, हे प्रश्न रसायनशास्त्र सोडवत नाही. ते राजकारणच सोडवते किंवा सोडवत नाही. आणि जमीन ज्याच्या नावावर होती त्याला निदान मोबदला मागता तरी आला. त्या जमिनीवर मजुरीला जाणाऱ्याने कुठल्या खिडकीवर उभे राहायचे?

बियाण्याचेही तसेच. केरळात खाऱ्या पाण्यात पोक्कळी नावाचे भात पिकते. गरीब शेतकऱ्यांनी राखलेले ते बी. शास्त्रज्ञांनी त्यात मीठ सोसण्याचा गुण देणारा गुणसूत्राचा भाग शोधून काढला आणि तो दुसऱ्या वाणांत आणला. शास्त्रज्ञांचे श्रम मोठेच आहेत. पण मूळ भांडवल कोणाचे? २००१ च्या आपल्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा हक्क दिला आहे, आणि पारंपरिक वाण त्याच्या नावावर नोंदवण्याची सोयही केली आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, तेही अशाच राखलेल्या बियाण्याच्या जोरावर. कायदा आहे. पण नोंदवायला जाणारा माणूस पाहिजे.

आज बांध कोणाचा?

१९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. बांधाची जबाबदारी सरकारने घेतली. हे चांगलेच झाले असे तेव्हा वाटले. पण झाले काय, बांध सरकारचा म्हटल्यावर गावाची जोळ मोडली. पूर्वी उधाणात खांड पडली तर त्याच रात्री माणसे मशाली घेऊन धावत. आता अर्ज करायचा, निधीची वाट पाहायची. तोवर दोन उधाणे येऊन जातात. एकदा खारे पाणी शिरले की दोन-तीन वर्षे भात होत नाही. जमीन पडीक राहिली की तिथे कांदळवन उगवते. कांदळवन समुद्राचा तडाखा थोपवते, ते तोडू नये असे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली सांगितले. ते बरोबरच आहे. पण बांध वेळेवर न बांधल्यामुळे ज्याच्या शेतात कांदळवन आले, त्याने जायचे कुठे? झाड वाचले आणि शेतकरी बुडाला, असे का व्हावे? दोघांनाही वाचवणारी योजना करता येणार नाही इतके आपले शास्त्र थिटे आहे काय?

मग पडीक जमिनीला गिऱ्हाईक येते. २००८ साली पेण तालुक्यात २२ गावांच्या शेतकऱ्यांनी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही यावर २१ सप्टेंबरला मतदान केले. शेतकऱ्याला विचारले तर तो मत देतो, हे त्या दिवशी दिसले. न विचारताच ठरवायचे असेल तर गोष्ट वेगळी. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांवरही ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने घाव घातला. नारळ-पोफळी मुळासकट पडल्या. पोफळीचे झाड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. तेवढे थांबायची ताकद नसलेला माणूस वाडी विकतो. तिथे बंगला होतो आणि वाडीचा धनी त्याच बंगल्याच्या दारावर राखणीला बसतो. वाडीत शिंपणे-वेचणे करणाऱ्या मजुराला तर राखणीचे कामही मिळेल याची खात्री नाही.

समुद्राची पातळी वाढते आहे, असे जगभरचे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे खारबांध ही काही संपलेली गोष्ट नाही. उद्या ती आजच्याहून मोठी होणार आहे. त्या वेळी बांध कुठे घालायचा, किती उंच घालायचा, कोणती गावे आत घ्यायची आणि कोणती बाहेर सोडायची, हे कोण ठरवणार? नकाशा आखणाऱ्या टेबलाजवळ चिखल वाहणाऱ्याचे पोर बसलेले असेल काय?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते आपण विहारात दरवर्षी वाचतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले. ते पाणी कशासाठी? शेतीसाठी. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला. म्हणजे आपल्या धम्माच्या मुळाशीच शेताच्या पाण्याचा प्रश्न आहे. बांधावरचे भांडण बांधावर मिटत नाही, ते सभेत मिटवावे लागते आणि सभेत एकट्याला उभे राहायची हिंमत लागते.

आम्हाला आता नोकरी नाही. आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. आजीने चिखल वाहिलेला बांध पाहायला गेलो. एका जागी खांड पडली आहे, उघाडीचे दार नाही, आत कांदळ उभे आहे. जवळच एक म्हातारी भेटली. तिने बोट दाखवून सांगितले की इथे काळा रता व्हायचा, इथे पाणी सोडायचे, इथे ढेकूळ ठेवायचे नाही, वाहून जाते. शाळेचे तोंड न पाहिलेली ती बाई आम्हाला तासभर शिकवत होती. आमच्या खिशात कागद नव्हता, याची आम्हाला लाज वाटली.

तेव्हा एवढेच मागणे आहे. या सुट्टीत जे गावी जातील त्यांनी वही बरोबर न्यावी. कोकण असो, घाट असो, खानदेश असो, आपल्या आजी-आजोबांनी कोणत्या शेतात, कोणते बी, कोणते पाणी, कोणाच्या मापाने, हे सारे विचारून लिहून आणावे आणि पौर्णिमेच्या कार्यक्रमात विहारात वाचावे. आपल्या मुलामुलींपैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी वकील होईल, ते व्हावेच. पण एखाद्याने दापोलीलाही जावे, माती आणि पाण्याचे शास्त्र शिकावे आणि त्या टेबलाजवळ जाऊन बसावे. दगडावर आपले नाव नाही, निदान कागदावर तरी यावे.

जय भीम!